आधी ६१७४, मग व्याज

राष्ट्रीय गणित दिनाच्या (२२ डिसेंबर) निमित्ताने आपल्या अंकात आलेला, मुलांना गणिताचा व्यवहारातला उपयोग पटवून द्या असे सांगणारा लेख वाचला. हे मला अपुरे वाटते. व्याजाचे उदाहरण ऐकून दहा वर्षांचे मूल हरखत नाही. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांचा ६१७४ मात्र फळ्यावर मांडून पाहावा. कोणतीही चार अंकी संख्या घ्या (चारही अंक सारखे नकोत), अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करा, उत्तराचे पुन्हा तेच (उत्तर तीन अंकी आले तर आधी शून्य लावून). जास्तीत जास्त सात फेऱ्यांत ६१७४ हजर! व्यवहारात उपयोग शून्य. पण वर्ग आपणहून वजाबाक्या करत सुटतो आणि ‘असं का होतं?’ हे मुलेच विचारतात. त्यासाठी तासिकेतली दहा मिनिटे सोडावी लागतील, एवढेच.

– एक निवृत्त गणित शिक्षिका, नाशिक