जॅकेटचं अस्तर आणि तुझं माप

प्रिय मन्या,

तुझा मेसेज मिळाला, पण हे फोनवर सांगण्यासारखं नाही म्हणून नीट बसून लिहितोय. तू विचारलंस ना की लेदर जॅकेट शिवून घ्यायचं तर रंग कुठला घेऊ. रंगाचं नंतर बघू रे, आधी अस्तर कुठलं ते ठरव.

शनिवारी माझ्या नव्या जॅकेटसाठी धारावीला जाऊन आलो. सायनला उतरलो, लिंक रोडवरची मोठी दुकानं सोडली आणि आत गल्लीत ज्या चाचांकडे आपल्या ऑफिसच्या बॅगा शिवल्या होत्या त्यांच्याकडेच गेलो. पोटमाळ्यावर दोन मशीन, चामडं चिकटवायच्या सोल्युशनचा तो डोक्यात जाणारा वास, आणि खाली जमिनीवर कातडी पसरलेली. पूर्वी धारावीतच कच्ची कातडी कमावून चामडं बनवायचे, आता तयार माल बराचसा चेन्नई-कानपूरकडून येतो. चाचांनी शीप नापा, म्हणजे मेंढीचं मऊ चामडं काढलं, पाऊण मिलीमीटरच्या आसपास जाड, बोटाने दाबलं की बारीक सुरकुत्या उठतात आणि सोडलं की परत सपाट. एक कातडं पाच-सहा चौरस फुटांचं, माझ्या मापाला सात लागणार, आणि ती सातही एका रंगाची एका पोताची जुळायला हवीत म्हणून चाचा एकेक उचलून दारात उजेडाला धरून बघत होते, ट्यूबलाइटखाली नाही. पोटाकडचं चामडं सैल असतं, ओढलं की ताणलं जातं, म्हणून पाठ आणि पुढचे भाग कण्याच्या बाजूने कापायचे आणि पोटाकडचं कॉलरच्या खाली वगैरे वापरायचं. मी अर्धा तास नुसता बघत बसलो होतो.

आता अस्तर. माझं ते जुनं काळं जॅकेट आठवतं ना, रेडीमेड घेतलेलं? चामडं अजून ठणठणीत आहे, पण दोन वर्षांत अस्तर मुंढ्यात, म्हणजे बाही जोडतात तिथे फाटलं आणि नंतर हात घालताना दर वेळी बोटं चामडं आणि अस्तराच्या मधेच जायची. एकदा तर लोकलचा पास खिशाच्या फाटक्या कोपऱ्यातून आत सरकला आणि पार मागे पाठीच्या खालच्या कडेला जाऊन बसला, टीसी समोर उभा आणि मी जॅकेट चाचपतोय. फार वाईट वाटलं होतं मला, कारण साठवून साठवून घेतलेली वस्तू होती ती. चाचांना दाखवलं तर हात आत घालून दोन मिनिटांत म्हणाले, 'बेटा, अस्तर तंग काटा है, चमडा खिंचता है, कपडा नहीं खिंचता.' म्हणजे चामडं अंगाबरोबर सैलावतं, कापड नाही, म्हणून अस्तर थोडं ढिलं कापून पाठीच्या मधोमध एक चुणी ठेवावी लागते. माझ्या जॅकेटला ती नव्हतीच, कापड वाचवलं होतं.

शिवाय ते अस्तर होतं पॉलिस्टरचं टफेटा, ते सळसळणारं चकचकीत कापड. घाम अजिबात पीत नाही, डोंबिवली फास्टमध्ये शर्ट पाठीला चिकटायचा. म्हणून या वेळी अंगाला कॉटन आणि बाह्यांना व्हिस्कोस साटन असं ठरवलं. बाह्यांना कॉटन का नाही, तर ते शर्टाला धरून बसतं, हात घातला की शर्टाची बाही कोपरापाशी गोळा होते. बाहीत गुळगुळीतच हवं. कॉटन मी मंगलदास मार्केटमधून आणलं. आधी एक मरून इतकं आवडलं होतं की घेऊनच टाकणार होतो, पण पांढरा रुमाल ओला करून घासून बघितला तर रुमाल गुलाबी. मुंबईच्या घामात तो रंग माझ्या प्रत्येक शर्टावर उतरला असता. मग राखाडी घेतलं, आटायचं ते आधीच आटावं म्हणून घरी रात्रभर भिजवून वाळवलं आणि मगच चाचांना दिलं.

तुझं मात्र वेगळं. तिकडे म्युनिकला कॉटनच्या अस्तरात तू कुडकुडशील. अंगाला पातळ वॅडिंगचं क्विल्टिंग घे, म्हणजे आत कापसासारखं भरण घालून टीप मारलेलं अस्तर, पण बाह्यांना साधं साटनच, नाहीतर कोपर वाकवताना त्रास होईल. चेनने निघणारं अस्तर घेऊ नकोस असं माझं स्पष्ट मत आहे, दोन चेन एकावर एक आल्या की पुढचा भाग फुगतो आणि जॅकेट बसत नाही.

आणि हो, ट्रायल मांजरपाटात घेणार आहोत, म्हणजे आधी साध्या सुती कापडाचं जॅकेट शिवून अंगावर बघायचं. चाचा आधी तयार नव्हते, त्याचे वेगळे पैसे देतो म्हटल्यावर झाले. चामड्यात एकदा सुई गेली की भोक कायमचं, उसवून परत शिवलं की जुनी भोकं दिसतात, त्यामुळे जे काय आत-बाहेर करायचं ते कापडावरच करून घ्यायचं. तू इथे नाहीस, तर तुझा मांजरपाट तुझ्या भावाला घालून बघतो, तुमच्या दोघांचे खांदे सारखेच आहेत.

तर आता माप पाठव. छाती, पोट, खांदा, मानेच्या हाडापासून कमरेपर्यंत पाठ. बाहीचं माप कोपर वाकवून घे, सरळ हाताने घेतलंस तर गाडी चालवताना मनगट उघडं पडेल. आणि सगळं तुझा तो जाड स्वेटर अंगात असताना घे, कोणाला तरी टेप धरायला सांग, स्वतःचं स्वतः घेऊ नकोस. रंग काळा की चॉकलेटी तेही लिही. शुक्रवारपर्यंत आलं तर बरं, कारण चाचांनी दोन्ही रंगांची आठ-आठ कातडी तुझ्यासाठी बाजूला ठेवली आहेत आणि शनिवारनंतर ती ठेवणार नाहीत.

काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
बंड्या