जर्मनीतल्या ट्रिअरच्या आमच्या बाईला, काकाचं उघडं पत्र

बाई,

तू म्हणशील काका फोनवर बोलायचं सोडून सगळ्या जगासमोर कशाला लिहून राह्यले. तर फोनवर आभाराचा विषय काढला की तू "काही बी काय काका" म्हणतीस अन आजीला फोन द्या म्हणतीस, अन दुसरं म्हणजे आपल्या जालन्याच्या भागातल्या चार द्राक्ष बागवाल्यांनी बी हे वाचावं अशी माझी इच्छा हाय. म्हणून इथंच लिहितो, चिडू नको.

तुला आठवत असंल, दोन वर्षामागं आपल्याकडं एक सल्लागार यायचा (नाव नको, पाणी प्यायलाय आपल्या घरचं). त्यानं मोबाईलवर फ्रान्सच्या बागा दाखवल्या. कमरेएवढ्या बुटक्या वेली, पट्टी लावून मारल्यासारख्या रांगा, घडाजवळचा पाला काढून घड सगळे उन्हात उघडे. म्हणला काका ही वायची (इंग्रजी वायसारख्या लोखंडी अँगलवर तारा ताणून वेल वर चढवायची) भानगड काढून टाका, घडाला ऊन लागलं की साखर भरती, युरोपात असंच करतात. पोराला एका झटक्यात पटलं. अँगल अन तारा भंगारवाल्याला द्यायचं जवळपास ठरलं होतं. मला आतून खटकत होतं पण काय खटकतंय ते सांगता येईना, अन बारावी नापास माणूस युरोपाशी कसा भांडणार? म्हणून रात्री साडेअकराला तुला मेसेज टाकला, तुह्या तिकडं द्राक्षाच्या बागा हायत का गं, असल्या तर बघून सांग.

मला वाटलं एखादा फोटो येईल. तू नाईट ड्युट्या करून आलेली, सुट्टीच्या दिवशी झोपायचं सोडून ट्रेननं मोजेल नदीच्या काठाकाठानं ब्रेम गावाला गेलीस अन तो काल्मोंटचा डोंगर चढलीस. चाळीस मिनिटांचा व्हिडिओ, निम्म्यात नुसती तुही धाप ऐकू येती! पण काय बाग ती. पासष्ट अंशापर्यंतचा चढ म्हणे, आपल्याकडं असल्या उतारावर शेळी सुद्धा विचार करून पाय टाकंल. तार नाही मांडव नाही, एका वेलीला एक खांब, अन दोन काड्या वाकवून खाली बांधलेल्या, बदामाच्या आकारात. माल अन माणसं वर-खाली न्यायला एका रुळावरची गाडी. पोरगा व्हिडिओ बघून म्हणला पप्पा हे लोक येडे हायत का, सपाट रान सोडून डोंगरावर लावलीय.

मग तिथल्या त्या म्हाताऱ्या बागवाल्याला तू विचारलंस, अन त्यानं सांगितलं ते तू मराठीत आम्हाला ऐकवलंस. इथं ऊन मोजून मिळतं म्हणला. दक्षिणेला तोंड केलेला उतार असला की तिरकं ऊन सरळ वेलीवर पडतं, खाली नदी ती चमकून थोडं परत देती, अन जमीन म्हणजे पाटीचा दगड, आपल्या शाळेतल्या पाटीचा, तो दिवसभर तापतो अन रात्री हळूहळू ऊब सोडतो. तू सूर्य गेल्यावर दगडावर तळहात ठेवलास अन म्हणलीस, "काका, अजून गरम हाय!" त्या एका वाक्यानं मव्हं डोकं उघडलं बघ. त्यांची सगळी धडपड ऊब गोळा करायची, अन आपण मार्चमधी चाळीसच्या जवळ पारा गेला की घड भाजू नये म्हणून पाल्याची छत्री शोधतोय, वरून पेपर गुंडाळतोय. म्हणजे बाग कशी दिसती ते बाग कशाला भिती त्याच्यावर हाय. ती थंडीला भिती, आपली उन्हाला. सल्लागारानं फोटो दाखवला, भीती दाखवली नाही.

त्याच्यानंतर तुला छंदच लागला. स्वित्झर्लंडला लावोला गेलीस, जिनिव्हाच्या तळ्याकाठी दगडी बांधांच्या पायऱ्याच पायऱ्या, अकराव्या शतकात मठातल्या साधूंनी सुरू केलेल्या. तिथले लोक म्हणतात आमच्या बागेला तीन सूर्य, एक आभाळातला, एक तळ्यातला, एक दगडी भिंतीत साठलेला. आजी म्हणली आपण एकालाच वैतागलोय.

पण मला खरं कामाला आलं ते लँझारोटे, स्पेनचं एक बेट. नर्स मैत्रिणींसोबत फिरायला गेलतीस, समुद्रात डुंबायचं सोडून काकासाठी ला हेरियाच्या बागा शूट केल्यास. 1730 ते 1736 ज्वालामुखी पेटत होता तिथं, सगळं रान काळ्या राखेखाली गेलं. त्या लोकांनी राखेत मोठमोठे खड्डे खांदले, खालची जुनी माती लागंपर्यंत, खड्ड्यात वेल लावली अन वाऱ्याच्या बाजूनं अर्धगोल दगडी बांध घातला. वरून बघितलं तर चंद्रावर बाग लावल्यासारखं दिसतं. पाऊस वर्षाला दीडशे मिलिमीटरच्या आसपास, अन आपण जालन्यात साडेसहाशेच्या वर सरासरी असून रडतो (रडायला कारण हाय, पडतो कधी अन कसा ते बघा). तू खड्ड्यात उतरून राख बोटानं उकरलीस अन चार बोटांखाली ओल दाखवलीस. राख रात्रीचं दव पिती अन दिवसा ओल उडू देत नाही.

आपली काळी जमीन बी लाव्हाचीच की, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या. फक्त ती ओल झाकून धरत नाही, उन्हाळ्यात भेगाळती. आपल्याकडं राख नाही, मग मी घनसावंगीकडून दोन ट्रॅक्टर पाचट (उसाचा वाळला पाला) आणलं अन बोदावर, म्हणजे वेलीखालच्या मातीच्या उंच ओळीवर, वीतभर अंथरलं. खरड छाटणीनंतरच्या (एप्रिलला जुन्या काड्या काढतो ती) त्या उन्हाळ्यात शेततळं तळाला गेलतं, ड्रिप दिवसाआड केलं, तरी पुढच्या पिकाची काडी तयार झाली. पाचट सारून बघितलं तर खाली ओल, तुह्या व्हिडिओसारखी. वाय जागेवरच हाय. भंगारवाला अजून विचारतो.

जर्मनीचं आपलं नातं तसं जुनंच म्हणा, शेजारच्या कडवंचीत पाणलोटाचं काम इंडो-जर्मन कार्यक्रमातनंच झालतं, त्या पाण्यावरच ह्या भागात द्राक्षं उभी राह्यली. पण तो कागदोपत्री जर्मनी. चप्पल घासून बाग दाखवणारी तूच.

हां, त्या म्हाताऱ्यानं विचारलं होतं ना, तुमच्या वेली झोपतात कधी? त्याला सांग, झोपतच नाहीत. तिकडं हिवाळ्यात पाला गळून नुसती काटकं उभी असतात, इकडं वेलीला झोप माहीतच नाही, म्हणून एप्रिलला खरड अन ऑक्टोबरला फळछाटणी, दोनदा कात्री, पीक एकदाच. अन हे बी सांग की चौदाव्या शतकात मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतुता दौलताबादला आला होता, त्यानं लिहून ठेवलंय की इथं द्राक्षं अन डाळिंब वर्षात दोनदा येतात. ऐकून त्याचं तोंड कसं होतं त्याचा व्हिडिओ पाठव.

आजीनं पाच किलो बेदाणा बाजूला काढलाय, दोन किलो त्या म्हाताऱ्याचा. कोणी तिकडं यायचं असलं की कळव.

तुहा काका