छतावरील सौर संचाच्या अपुऱ्या वीजनिर्मितीबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: सावलीत बसवलेल्या ३ किलोवॅट सौर संचाची जागा विनामूल्य बदलून देण्याबाबत.

महोदय,

जुळे सोलापूर येथील माझ्या घराच्या गच्चीवर आपल्या कंपनीने गेल्या वर्षी जूनमध्ये प्रधानमंत्री सूर्यघर योजनेअंतर्गत ३ किलोवॅटचा सौर संच बसवला. योजनेचे ७८,००० रुपयांचे अनुदान माझ्या खात्यात जमा झाले आणि महावितरणचा नेट मीटरही (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारा मीटर) वेळेत लागला. त्याबाबत माझे काही म्हणणे नाही. तक्रार आहे ती विजेची.

आपल्या कोटेशनमध्ये महिन्याला सरासरी ३६० युनिट निर्मिती होईल असे लिहिलेले आहे. एका किलोवॅटला दिवसाला साधारण ४ युनिट हा सर्वत्र धरला जाणारा हिशेब पाहता तो आकडा फुगवलेला नाही. जुलै-ऑगस्टमध्ये ढगांमुळे निर्मिती घटली, तेव्हा ते गृहीत धरून मी गप्प राहिलो. मात्र डिसेंबर आणि जानेवारीत, आकाश निरभ्र असतानाही, संचाने महिन्याला २६५ युनिटांचा टप्पा ओलांडला नाही. आमच्याच गल्लीत एवढ्याच क्षमतेचा दुसरा संच मात्र त्याच महिन्यांत साडेतीनशेच्या आसपास युनिट देत होता.

यावर आपल्या तंत्रज्ञांनी ‘थंडीत ऊन कमी असते’ असे उत्तर दिले. सोलापूरच्या बाबतीत हे पटण्यासारखे नाही. पॅनेलची क्षमता २५ अंश तापमानाला मोजलेली असते आणि त्यापुढे प्रत्येक अंशाला ती साधारण ०.३५ टक्क्याने घटते, त्यामुळे मे महिन्यात तापलेल्या पॅनेलपेक्षा जानेवारीतील थंड पॅनेल उलट अधिक कार्यक्षमतेने चालते; शिवाय दक्षिणेकडे कललेल्या पॅनेलला हिवाळ्यातील दक्षिणेकडे झुकलेले ऊन अधिक सरळ मिळते. धूळ हे दुसरे कारण सांगण्यात आले, परंतु पॅनेल आम्ही नियमित धुतो.

खरे कारण इन्व्हर्टरच्या (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या यंत्राच्या) ॲपमधील वीजनिर्मितीच्या आलेखात उघड दिसते. सकाळपासून रेघ व्यवस्थित चढत जाते आणि दुपारी दीडच्या सुमारास एकदम खाली कोसळते. त्या वेळी गच्चीवर उभे राहिल्यास नैर्ऋत्य कोपऱ्यातील जिन्याची खोली आणि तिच्यावरील पाण्याची टाकी यांची सावली पहिल्या दोन पॅनेलवर चढलेली दिसते, आणि तीन वाजेपर्यंत ती सहापैकी चार पॅनेल व्यापते. सहाही पॅनेल एकाच मालिकेत जोडलेली आहेत. ‘बायपास डायोड असल्याने सावलीने फरक पडत नाही’ हे आपल्या तंत्रज्ञांचे म्हणणे अर्धेच खरे आहे, कारण हा डायोड, म्हणजे झाकलेल्या पॅनेलला वळसा घालून वीज पुढे जाऊ देणारा भाग, उरलेल्या पॅनेलना वाचवतो, पण झाकलेल्या पॅनेलची वीज परत आणत नाही, आणि मालिकेचा विद्युतदाब फार उतरला तर इन्व्हर्टर जवळजवळ बंदच पडतो.

आपल्या कंपनीने जागेची पाहणी मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात भरदुपारी केली होती. त्याच सुमारास सोलापुरात सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली जवळपास नाहीशी होते! डिसेंबरमध्ये मात्र तो भर मध्यान्हीही क्षितिजापासून ५० अंशांच्या आसपासच राहतो, त्यामुळे सावल्या लांब पडतात. वर्षभराच्या सावलीचा हिशेब न करता जिन्याच्या खोलीच्या अगदी मागे सांगाडा उभा करणे ही पाहणीतील चूक आहे आणि तिचा भुर्दंड ग्राहकाने सोसण्याचे कारण नाही. आग्नेय कोपरा त्या वेळीही मोकळा होता, आजही आहे.

वीज गेल्यावरही घरातील दिवे चालू राहतील, असेही विक्री प्रतिनिधींनी सांगितले होते. बॅटरीविना ग्रिडला (महावितरणच्या वीजजाळ्याला) जोडलेला संच वीजपुरवठा खंडित होताच सुरक्षिततेसाठी आपोआप बंद होतो, हे निदान विकणाऱ्याला तरी ठाऊक असायला हवे होते.

आपल्या करारनाम्यात संच सुरू होताना ७५ टक्के कार्यक्षमता गुणोत्तराची (मिळालेल्या उन्हात अपेक्षित विजेच्या तुलनेत प्रत्यक्ष विजेचे प्रमाण) हमी आणि ५ वर्षांच्या देखभालीची जबाबदारी आहे. त्यानुसार संपूर्ण सांगाडा आग्नेय कोपऱ्यात विनामूल्य हलवावा, त्यानंतर माझ्यासमक्ष कार्यक्षमता चाचणी घेऊन तिचा लेखी अहवाल द्यावा आणि डिसेंबरपासून कमी पडलेल्या युनिटांची भरपाई करावी, अशी माझी मागणी आहे. ॲपमधील आलेख, वीजबिले आणि सावलीची छायाचित्रे सोबत जोडली आहेत. १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागावी लागेल.

आपला,
सौर संच ग्राहक,
जुळे सोलापूर