बाळ्या, काढू नको, पण असाच ठेवू पण नको

प्रिय बाळ्या,

तुझा रात्रीचा मेसेज सकाळी पाह्यला. "क्रेनवाला लई प्यायला लागलाय, काढून टाकू का?" बस, एवढंच. फोनवर हे बोलणं व्हायचं नाही, आमच्या वर्कशॉपमध्ये प्रेसची मशीनं चालू असली की आपलंच आपल्याला ऐकू येत नाही, म्हणून लिहायलाच बसलो. लांबलं तर वहिनींना वाचून दाखवायला सांग, तुला दोन ओळींच्या पुढं झोप येते.

आमच्या शॉपमधल्या मामाचं सांगतो. नाव सांगणार नाही, त्याला शब्द दिलाय. वाळूजला बावीस माणसं घेऊन शॉप टाकलं तेव्हापासून तो माझ्याकडं, अन् प्रेसची डाय, म्हणजे साचा, सेट करावी तर त्यानंच. पण पगार झाला की सोमवारचा खाडा ठरलेला, मस्टर उघडलं की दिसायचं. मी काय केलं? सांभाळून घेतलं. खाडा असला तरी हजेरी लावली, उचल मागितली की दिली, कस्टमरचा माणूस यायचा असला की मामाला मागं स्टोअरमध्ये बसवायचो. मला वाटायचं आपण लई मोठ्या मनाचे. अरे कसलं मोठं मन, उचलीचे पैसे गेटबाहेरच्या कोपऱ्यापर्यंत पण टिकत नव्हते, त्याच्या दारूचा अर्धा खर्च मीच चालवत होतो म्हण ना.

सकाळी चहा आला की मामा ग्लास उचलायचाच नाही. ग्राइंडरच्या टेबलावर ठेवायचा अन् वाकून ग्लासला तोंड लावायचा, गाय पाणी पिते तसा. पोरं हसायची. दहाच्या सुमाराला "जरा जाऊन येतो" म्हणून बाहेर जायचा, आला की हात एकदम स्थिर. मला कळायला वर्ष गेलं गड्या, ते हात पिल्यामुळं नाही, न पिल्यामुळं थरथरत होते.

मग एका शनिवारी माझं डोकं फिरलं. सगळ्यांसमोर झापलं, म्हणलं एक थेंब घेतलास तर गेटच्या आत पाय ठेवायचा नाही. मानी माणूस, त्यानं खरंच बंद केली. रविवार कोरडा काढला. सोमवारी सकाळी प्रेसपासून चार पावलांवर धाडकन पडला, डोळे पांढरे, तोंडाला फेस. कोणी कांदा आणला, कोणी चप्पल हुंगवायला लागलं. घाटीत, सरकारी दवाखान्यात, नेला तर डॉक्टरनी पहिला प्रश्न विचारला, एकदम बंद कोणी करायला लावली? मी गप.

त्यांनी नीट समजावून सांगितलं. बरीच वर्षं रोज भरपूर पिणाऱ्यानं झटक्यात सोडली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, मग दोन-तीन दिवसांनी काहींना भ्रम होतो, नसलेलं दिसायला लागतं, त्यात माणूस जातो पण. म्हणून सोडायची ती डॉक्टरच्या देखरेखीत, गोळ्या अन् बी-वन व्हिटॅमिन देऊन. तू क्रेनवाल्याला दम द्यायच्या तयारीत असशील तर आधी हे वाच. अन् त्याच्या घरचे कोणी भाजीत पुडी-गोळी कालवून द्यायच्या विचारात असतील तर हात जोडून थांबव. डायसल्फिराम नावाची गोळी असते, तिच्यावर दारू पोटात गेली की छातीत धडधड, उलट्या, बीपी खाली. माणसाला सांगून, तपासून द्यायचं औषध आहे ते, चोरून दिलं तर जिवावर बेततं.

हा आजार आहे हे काय मी एकटा म्हणत नाही. आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू-नशेच्या दुरुपयोगामुळं होणाऱ्या मानसिक अवस्था पण धरल्यात. अन् २०१९ ला एम्सनी देशभराचा सर्व्हे काढला, त्यात दारूत पार अडकलेल्या अडतीस जणांत एकालाच काही उपचार मिळालेले. बाकीचे सदतीस कुठंयत? तुझ्या माझ्या शॉपमध्येच आहेत की.

मग मामा, मामी अन् मी बसलो, एका पानावर लिहून काढलं. नोकरी राहील, पण उपचार घ्यायचे. पुण्याचं मुक्तांगण तुला ऐकून माहीत असेल, १९८६ ला आवचटांनी काढलेलं, तिथं पस्तीस दिवसांचा कोर्स असतो, मामा तिकडं गेला. तुझ्या क्रेनवाल्याचं ईएसआय, म्हणजे कामगार विम्याचं कार्ड आहे का बघ. पगार एकवीस हजारांच्या आत असला तर डॉक्टरच्या सर्टिफिकेटवर आजारपणाचे पैसे मिळू शकतात, सत्तर टक्के, वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस. मामा परत आल्यावर लगेच प्रेसवर नाही, तीन महिने इन्स्पेक्शनला, माल तपासायला बसवला. पगार त्याच्याच संमतीनं मामीच्या खात्यात. उचल बंद, रडला तरी बंद. गुरुवारी संध्याकाळी त्याची एएची, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस गटाची मीटिंग, त्या दिवशी ओव्हरटाइम नाही. पिऊन आला तर मशीनला हात लावायचा नाही, सोबत माणूस देऊन घरी, गाडीची किल्ली माझ्याकडं. पोरांना फक्त "आजारी होता" एवढंच सांगितलं. कळायचं ते कळतंच, पण साहेबाच्या तोंडून नाही गेलं याला किंमत असते.

अजून एक, ह्याची मलाच लाज वाटते. खंडेनवमीला मशीनची पूजा झाली की आमचा कॉन्ट्रॅक्टर पोरांना बाटल्या द्यायचा अन् मी दुसरीकडं बघायचो. ते बंद केलं. दोघं-तिघं फुगले, एक जण तर म्हणला साहेब कंजूस झाले. डबल शिफ्ट पण कमी केल्या, सोळा तास उभं राहून आलेल्या माणसाला झोप लागावी म्हणून तरी घ्यावीशी वाटते.

मधे लोक म्हणले, आपल्या छोट्या पंढरपूरला नेऊन माळ घालू. मामानं घातली. चांगलंच झालं, शेजारीपाजारी आग्रह करायचे थांबले. पण गोळ्या अन् मीटिंग आम्ही सोडू दिली नाही.

अन् पोळ्याला घसरला. गावाकडं गेला, दोन दिवस फोन बंद. मला वाटलं गेली मेहनत पाण्यात, मामी तर म्हणली काढूनच टाका आता. डॉक्टर म्हणले, व्यसनाच्या आजारात शंभरात चाळीस ते साठ जण पुन्हा घसरतात, बीपी-दम्याचे पेशंट औषध सोडतात तसंच. बघायचं ते हे की परत किती लवकर येतो. तिसऱ्या दिवशी स्वतः आला, गेटच्या आत नाही आला पण, बाहेर उभा राहिला. आम्ही ते पान काढलं अन् पहिल्यापासून सुरू केलं, परत इन्स्पेक्शन, परत तीन महिने. त्यावर त्यानं हुज्जत घातली, मी ऐकलं नाही.

तुझा माणूस तयार नसला तरी तू स्वतः १४४४६ ला फोन लावू शकतोस, सरकारचा व्यसनमुक्तीचा नंबर आहे, पैसे लागत नाहीत. काय बोलायचं ते विचारून घे. सगळ्यांसमोर बोलू नको, अन् तो पिलेला असताना तर मुळीच नको. "तू दारुडा" म्हणू नको, मस्टर समोर ठेव, ह्या ह्या तारखेला हे झालं एवढंच बोल.

रविवारी मी जालन्याला येतो, दोघं बसून त्याच्याशी बोलू, वहिनींना म्हणावं शेंगाची चटणी ठेवा. पण रविवारपर्यंत थांबू नको, त्याला क्रेनवरून आजच खाली घे. पगार न कापता दुसरं काही काम दे, पण वितळलेल्या लोखंडानं भरलेलं लॅडल, ते ओतायचं भांडं, त्याच्या हातात अन् खाली बाकीची माणसं, ही शिफ्ट आज रात्री व्हायला नको.

तुझा,
दत्ता