टेन-सीवरची एक खूण

संपादक महोदय, स. न. वि. वि.

ईपीएस-९५ची, म्हणजे पीएफवाल्या कामगारांच्या पेन्शन योजनेची, किमान पेन्शन हजारावरून साडेसात हजार करा, अशी पत्रं तुमच्या सदरात येत असतात. मागणी रास्तच आहे. २०१४ साली ठरलेल्या हजारात आज महिन्याचं दूधही भागत नाही. मला मात्र ज्यांना तो हजारही मिळणार नाही, अशा बायकांबद्दल लिहायचंय. त्यात माझाही हात आहे.

मी भोसरीच्या एका कारखान्यात २६ वर्षं टाइम ऑफिसला होते. लग्न ठरलं की मुली राजीनामा द्यायला यायच्या. पीएफसाठी एकोणीस नंबरचा फॉर्म आणि पेन्शनसाठी टेन-सी, दोन्हींवर मी सह्या घ्यायचे. टेन-सीवर दोन पर्याय असतात : पैसे काढा, नाहीतर स्कीम सर्टिफिकेट घ्या, म्हणजे नोकरीची वर्षं जमा राहतात. मी न विचारताच पहिल्यावर खूण करायचे. लग्नघरात पैसे लागायचेच, आणि खरं सांगायचं तर मलाही टेबल मोकळं करायचं असायचं.

आमच्या सोसायटीत पोळ्यांना येणाऱ्या ताई त्यांतल्याच एक. १९९६ ते २००३ आमच्याकडे, मग २०१५पासून आठ वर्षं चाकणला पॅकिंगमध्ये. एकूण पंधरा वर्षं. पेन्शनला दहा लागतात, पण पहिली सात माझ्या खुणेनं पुसली गेली. हिशेब सोपा आहे : शेवटच्या साठ महिन्यांचा सरासरी पगार गुणिले वर्षं, भागिले ७०. १२ हजारांवर पंधरा वर्षांचे महिन्याला अडीच हजारांच्या वर झाले असते. तेही जन्मभर.

परवा त्यांनी मोबाइलवर पासबुक दाखवलं. ‘‘मॅडम, या पेन्शनच्या रकान्यात व्याज का नाही हो?’’ मालक पगाराच्या बारा टक्के भरतो, त्यांतले ८.३३ टक्के पेन्शनकडे जातात, १२ हजारांवर दरमहा हजार रुपये. पण ते तुमचं खातं नव्हे, सगळ्यांचा मिळून एक फंड आहे. तिथे आपली जमा होतात ती वर्षं. हे त्यांना तेव्हा कुणी सांगायला हवं होतं? मीच की!

पूर्वी कंपनी बदलली की पीएफ नंबरही नवा. २०१४ला यूएएन (युनिव्हर्सल अकाउंट नंबर) आला आणि एकच नंबर जन्मभर पुरेल अशी सोय झाली. तो बारा आकडी, आधारही बारा आकडी, त्यामुळे यूएएन विचारला की निम्मे लोक आधार वाचून दाखवतात. नंबर एक झाला तरी नावाचं काय? आपल्याकडे लग्नात बापाच्या जागी नवऱ्याचं नाव येतं, आडनाव बदलतं, काही घरांत पाळण्यातलं नावसुद्धा. मग आधारशी जुळत नाही, क्लेम परत येतो, आणि दुरुस्तीच्या अर्जावर अनेकदा जिची सही लागते ती जुनी कंपनी कधीच बंद पडलेली असते.

ताईंना मी एवढंच बजावलंय, की चाकणचे पेन्शनचे पैसे काढायचे नाहीत. पेन्शनच्या वयाला, अठ्ठावन्नला, अजून आठ वर्षं आहेत. पीएफ कापणारी आणखी दोन वर्षांची नोकरी मिळाली तर दहा भरतात. कँटीन, हाउसकीपिंग, काहीही चालेल. पोळ्या उत्तम करतात. भोसरी-चाकण भागात कुणाला माणूस हवं असेल तर आपल्यामार्फत कळवावं.

– एक निवृत्त टाइमकीपर, भोसरी