शब्द यायला वेळ लागतो तेव्हा

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर मी अडले की पलीकडे तुम्ही दोघे श्वास रोखून धरता, ते मला कळते. म्हणून आज लिहिते आहे. कागदावर शब्द शोधायला हवा तेवढा वेळ मिळतो. जूनपासून मी शाळेत पुन्हा रुजू होणार आहे. पहिल्या सत्रात निम्मेच तास आहेत, डबा शेजारच्या काकू देणार आहेत, रात्री सोबतीला मैत्रीण आहे, आणि मुलांची नावे मी बाकांच्या क्रमाने वहीत लिहून ठेवणार आहे. तुम्हाला न विचारता ठरवले याचे वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही "अजून वर्षभर थांब" म्हणाला असतात आणि माझ्याने तुमचा शब्द मोडवला नसता.

आई, दिवाळीत मला 'झारा' म्हणता आले नाही, "तळणीतला तो भोकांचा" एवढेच म्हणाले, आणि तू गॅस बंद करून देवघरात गेलीस. तेव्हापासून आकडीसाठी झालेल्या माझ्या मेंदूच्या ऑपरेशनचा दोष तू स्वतःकडे घेतला आहेस. पण झारा कशाला लागतो हे मला पुरते ठाऊक होते, फक्त त्याचे नाव हाती लागत नव्हते. माझी आकडी डाव्या कानशिलाच्या आतल्या भागातून उठायची, आणि उजव्या हाताने लिहिणाऱ्या बहुतेकांची भाषा मेंदूच्या डाव्याच बाजूला असते. ऑपरेशनआधीच्या 'वाडा' नावाच्या चाचणीत औषधाने ती बाजू काही मिनिटे निजवली तेव्हा माझी वाचा बंद झाली होती, हे बाबांना आठवत असेल. म्हणूनच वस्तूंची आणि माणसांची नावे अडतील, असे डॉक्टरांनी आधीच स्पष्ट सांगितले होते. ते समजून घेऊन केलेली ती सही माझी होती, तुमची नव्हे.

कॅनडातला आकडीच्या 80 रुग्णांचा, 2001 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास बाबांनीच मला वाचून दाखवला होता: शस्त्रक्रियेच्या गटातले 58 टक्के रुग्ण वर्षअखेर शुद्ध हरपणाऱ्या झटक्यांपासून मुक्त होते, नुसत्या औषधांच्या गटातले 8 टक्के. मला 14 महिन्यांत एकदाही आकडी आलेली नाही. एसटीतल्या त्या रात्रीनंतर किती वर्षे तू तुझा पदर माझ्या मनगटाला बांधून झोपायचीस, आई! अजूनही कूस वळताना मी मनगट चाचपते.

आता एवढे ऐका. मी अडले की शब्द पुरवू नका, दहापर्यंत मोजा; फार तर पहिले अक्षर सांगा, तेवढ्याने बहुतेकदा उरलेला शब्द येतो. बाबा, फोनवर फळांची नावे विचारू नका, त्यासाठी दर बुधवारी वाचातज्ज्ञांकडे जातेच. तुम्ही पूर्वीसारखे बागेतले सांगत जा. तुमची प्रेमळ धडपड मला समजते, पण परीक्षा सुरू झाली की येणारे शब्दही पळतात. माझ्या गोळ्या चालू आहेत, तुम्हीही रक्तदाबाची गोळी चुकवू नका. आणि आई, गुडघ्याचा एक्स-रे या आठवड्यात काढलाच पाहिजे; बाबांनी सोबत जावे.

तुमची,
बेबी