दादा, सकाळच्या त्या मेसेजसाठी थँक्यू

दादा,

तुम्ही "अगं एवढं काय त्यात" म्हणालात खरं, पण मला हे लिहायचंच आहे, अजून मनातून जात नाहीये.

चार दिवस एकाच जागी अडकले होते मी. मेसेज एकीकडून दुसरीकडे नेणाऱ्या अपाची कॅमलच्या रूटमधून जावाच्या मेथडला ऑर्डर जायची, पण ऑर्डर नंबर होता हेडरमध्ये, म्हणजे मेसेजला वरून चिकटवलेल्या माहितीत, आणि मेथड घेत होती फक्त एक स्ट्रिंग. तुमच्याआधी दोघांना विचारलं. एकाने "डॉक्युमेंटेशन वाच" म्हणून फोन ठेवला, अहो वाचलेलंच होतं. दुसऱ्याने नंबर सगळ्या ऑर्डरींना मिळून एकच असणाऱ्या स्टॅटिक व्हेरिएबलमध्ये ठेवायला लावला, "झालं ना काम?" म्हणाला, आणि दोन ऑर्डरी एकदम आल्या तेव्हा एकीचा नंबर दुसरीला लागला, ते निस्तरताना रडकुंडीला आले तर हा फोनच उचलेना.

तुम्ही आधी विचारलंत, "तुझ्या मेथडला नक्की काय हवंय, नुसती बॉडी की अख्खा मेसेज?" पॅरामीटर नुसती स्ट्रिंग असली की कॅमल बॉडी, म्हणजे मेसेजचा आतला मजकूर, स्ट्रिंगमध्ये कन्व्हर्ट करून देतो आणि हेडर मेथडपर्यंत पोचतच नाहीत, हे मला तेव्हा कुठे उमगलं. अख्खा एक्स्चेंज, म्हणजे कॅमल ज्यात मेसेज घालून फिरवतो ते पाकीटच, घेता आला असता, पण तुम्ही म्हणालात मग प्रत्येक टेस्टला एक्स्चेंज बनवत बसशील, त्यापेक्षा दोन पॅरामीटर घे, एकाला बॉडीचं ॲनोटेशन लाव, दुसऱ्याला हेडरचं. आता टेस्टमध्ये दोन साध्या स्ट्रिंग देते, बास. आणि टाईप मलाच करू दिलंत, माझ्या चुका होत होत्या तरी मध्ये बोलला नाहीत.

पण थँक्यू खरं तर दुसऱ्या दिवशीच्या सकाळसाठी आहे. उठून फोन बघितला तर तुमचा मेसेज, "काल वरच्या प्रोसेसरमध्ये गेटआउट दिसलं, तिथे हेडर गळतील, बघ." मी विचारलं पण नव्हतं हो! माझ्या लेखी प्रश्न रात्रीच संपला होता. गेटआउट वापरलं की कोरा मेसेज तयार होतो, जुने हेडर आपोआप त्यात येत नाहीत, कॅमल ३ पासून तर ते डेप्रिकेटेडच आहे, म्हणजे वापरू नका असंच सांगितलंय, आणि मी जुन्या कोडमधून तसंच उचललेलं. त्याच्या जागी गेटमेसेज केलं. नाहीतर त्या रूटवर नंबर नल आला असता आणि मी तुमच्या ॲनोटेशनलाच दोष देत बसले असते.

हुशार माणसं खूप भेटली दादा, पण आपलं काही अडलेलं नसताना दुसऱ्याचा कोड रात्रभर डोक्यात ठेवणारं माणूस मी पहिल्यांदा बघितलं. उत्तर येणं वेगळं आणि समोरच्याचं खरंच सुटलंय का म्हणून परत येऊन बघणं वेगळं, त्याला मुळात माणूस चांगला असावा लागतो.

तो स्टॅटिक व्हेरिएबल काल डिलीट केला. कमिटच्या मेसेजमध्ये तुमचं नाव टाकणार होते, तुम्ही नको म्हणालात, म्हणून मग हे पत्र.